बोटभर वर राहिलेली नळी

सोमवार, ६ नोव्हेंबर

रोजनिशी मिळाली. कागद जाड आहे, पुठ्ठ्यावर निळं कापड आहे, सोबतचं पेनही हातात धरायला छान आहे. फक्त तुझ्या आईला लिहिता येत नाही, एवढं तू विसरलीस. शाळेत होतीस तेव्हा दप्तर विसरायचीस, लग्नानंतर छत्र्या विसरायला लागलीस, आता आईवर आलीस. पुढच्या खेपेला मला सायकल पाठव.

तर हे तुझी वहिनी लिहितेय. मी बोलायचं आणि तिने उतरवायचं, असं ठरलंय. तुझा भाऊ कामासाठी बाहेरगावी, त्यामुळे तिलाही संध्याकाळी बोलायला कुणी नाही. अट एकच घातलीय, मी बोलेन ते लिहायचं, सुधारायचं नाही. हसतेय बघ. अगं, हसणं लिहू नकोस, पानं पुरायची नाहीत.

तू म्हणालीस, "आई, फोनवर तू सगळं अर्धवट सांगतेस." मग आज पूर्ण ऐक. तुझ्या बाबांनी गाडी मोडली.

कुठली गाडी म्हणून विचारू नकोस. शेडमधलं ते धूड. दोनच दारं, नाक लांबलचक, नाकाखाली आठ सिलिंडरचं इंजिन. चढणीवर ती गुरगुरायला लागली की तू मागच्या सीटवर खिदळायचीस. सवतच म्हणायला हवं तिला, पण सवतीला एवढं तेल लागत नाही. महिनाअखेरीस तू पोरांना घेऊन येणार म्हटल्यावर यांनी तुला फोनवर शब्द दिला ना, "स्टेशनवर मीच येणार, त्याच गाडीतून, नातवंडांना मागे बसवून"? म्हणून आज बॉनेट उघडलं. इतके दिवस उभी आहे, तेल बघावं म्हणून आतली काठी ओढली. काठी निघेना. यांनी जोर लावला, तर काठीसकट तिची नळीच हातात आली. तलवार उपसायला जावं आणि म्यानही हातात यावं तसं. नळी खाली गंजून तुटली होती.

चेहरा असा झाला होता की मी हसले नाही. म्हणजे तिथे हसले नाही.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

आज मी शेडमध्ये बादली उपडी घालून बसले. मला बघायचं होतं, एका काठीवाचून एवढं काय अडतं.

यांनी काठी पुसून दाखवली. चपटी, लांब पट्टी आहे, टोकाशी दोन रेघा. इंजिनाच्या पोटात तेल असतं. काठी आत घालायची, बाहेर काढायची, तेल कुठवर लागलंय ते बघायचं. खालच्या रेघेखाली गेलं तर इंजिन जळतं. वरच्या रेघेवर गेलं तर इंजिन ओकतं. दोन रेघांच्या मधे असलं की झालं. जेवणाचंही तसंच असतं, पण ते तुझ्या बाबांना सांगून उपयोग नाही.

मी विचारलं, "मग नळी कशाला? काठी सरळ भोकात घालायची."

"अगं, भोक खाली आहे. वरून हात पोहोचत नाही, मधे धुराचे तापलेले पाइप. काठीला वाट कोण दाखवणार?"

"म्हणजे काठी आंधळी आणि नळी तिचा हात धरून नेते, असंच ना?"

यांनी बॉनेटखाली मान घातली. मग म्हणाले, "दिवा धर."

भर दुपारी दिवा! शेडचं दार सताड उघडं, ऊन इंजिनावर पडलेलं, तरी लांब वायरचा तो दिवा मी धरून उभी. डावीकडे धर, खाली धर, अजून जवळ. मी म्हटलं, आरतीच ओवाळू का? म्हातारपणी माणूस हेकट होतो म्हणतात. हे तरुणपणीच झाले होते, आता फक्त सराव चाललाय.

आणखी एक. पेपर बंद केला यांनी. म्हणाले, त्याच त्याच बातम्या असतात. इतकी वर्षं वाचून हे आज कळलं. मला तर न वाचताच कळलं होतं.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

तुटलेल्या नळीचा खालचा तुकडा इंजिनाच्या भोकातच राहिला होता. तो काढल्याशिवाय नवी नळी बसणार कुठे? कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री काल येऊन बघून गेला. म्हणाला, "काका, आत ढकलू नका, पोटात पडेल. आट्यांचा स्क्रू घट्ट पिळून बसवा आणि वर ओढा. ग्रीस लावा, म्हणजे लोखंडाचा कीस त्याला चिकटेल."

"मला शिकवतोस?" हे म्हणाले.

"नाही हो, आठवण करून देतोय. नवी नळी मागवलीय, दोन दिवसांत येईल."

आज यांनी तो तुकडा काढला. बघण्यासारखं होतं. मी दिवा धरला होता, पण यांनी त्या भोकाकडे पाहिलंच नाही. मान वर, डोळे मिटलेले, गाणारा माणूस सूर लावताना बसतो तसे. सगळं बोटांनीच. स्क्रू पिळला, पक्कड लावली, हलक्या हाताने डावी-उजवी करत ओढत राहिले. मधेच थांबायचे, बोट फिरवायचे, पुन्हा ओढायचे. शेवटी तुकडा "टप" करून आला. सडलेल्या दातासारखा.

मी म्हटलं, "डोळे मिटूनसुद्धा येतं तुम्हाला."

तर म्हणाले, "उघडून काय वेगळं होणार आहे?" फुशारकी किती ती!

मग सगळं जुनं तेल खाली भांड्यात काढलं, कीस बीस पडला असेल तर जावा म्हणून. मी बोट बुडवून बघितलं. काळं, वासाला जळक्या कढईसारखं. दोन बोटांत चोळलं की खरखर लागते. म्हणजे तेल म्हातारं झालं की त्याला खडे लागतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर

लांबट खोकं आलं. मला वाटलं तू काही खायला पाठवलंस. उघडलं तर नळी आणि तिची नवी काठी. खाऊ तू विसरली असशील, असं तेवढ्यातल्या तेवढ्यात मी गृहीत धरलंच.

नळी छान आहे गं. चकचकीत, दोन ठिकाणी वळलेली, वरच्या बाजूला एक पत्र्याची पकड, तिला भोक. ते भोक इंजिनावरच्या दुसऱ्या एका भोकाशी जुळवून बोल्ट मारायचा, म्हणजे नळी हलत नाही. आणि खालच्या टोकाच्या जरा वर एक कडं आहे, नळीचाच फुगवटा, बोटातल्या वळ्यासारखा. मी मिस्त्रीला विचारलं, हे नटणं कशाला?

तो म्हणाला, "काकू, तेच तर महत्त्वाचं. नळी ठोकत ठोकत भोकात घालायची, ते कडं लोखंडाला जाऊन टेकेपर्यंत. टेकलं की बसली. नाही टेकलं, तर काठी तेवढीच वर राहणार आणि तेलाचा हिशोब चुकणार."

"आणि टेकलं हे कळणार कसं?"

"दिसतंच की."

सोमवार, १३ नोव्हेंबर

नळी बसवली! भोक पुसलं, कड्याखाली चिकट लाल गम लावला, नळी उभी केली आणि वर पाना टेकवून हातोडीने ठोकायला सुरुवात. मी दिव्यासकट हजर. टक, टक, टक. जरा जास्त जोरात मारली तर नळी दबेल म्हणून हळू. बऱ्याच वेळाने यांनी बोट लावून बघितलं, बोटाला गमच गम लागला. म्हणाले, "बसली."

मी वाकून पाहिलं. खाली लाल गम, त्याच्यावर ते कडं चमकत होतं, पायातल्या तोड्यासारखं. इतकं सुटं आणि स्वच्छ दिसत होतं की खालून आगपेटी सरकली असती. मला आवडलं ते. म्हटलं, एवढं सुंदर कडं लोखंडाला टेकणार म्हणत होता मिस्त्री, बरं झालं नाही टेकलं.

वरच्या पकडीचं भोक मात्र जुळेना. बोटभर वर राहत होतं. यांनी पक्कड घेऊन पत्रा खाली वाकवला आणि बोल्ट मारला. म्हणाले, "नव्या मालाचं असंच असतं, थोडं वाकवून घ्यावं लागतं." नव्या जावयाचंही असंच असतं, पण ते मी बोलले नाही. तुझा नवरा हे वाचेल.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

आज सगळा घोटाळा झाला.

नवं तेल ओतलं, नेहमी जेवढं लागतं तेवढं. काठी घातली, काढली, माझ्यापुढे धरली. "बघ, कुठवर आहे?"

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत यांनी मला कधी "वाच" म्हटलं नव्हतं. मी बघितलं. "खालच्या रेघेलाही नाही लागलं. टोक तेवढं ओलं."

"शक्य नाही. परत बघ."

परत तेच. यांनी काठीवर अंगठा फिरवला. मग पुटपुटले, "माझाच अंदाज चुकत असेल. हल्ली..." आणि आणखी एक डबा ओतला. मग आणखी थोडं. शेवटी तेल रेघांच्या मधे आलं तेव्हा मीच टाळी वाजवली.

चावी फिरवली. धूड खोकलं, थुंकलं, आणि मग काय गुरगुरलं म्हणून सांगू! शेडचा पत्रा थरथरला, वहिनी धावत बाहेर आली. हे हसत होते. जराशाने मागून निळा धूर यायला लागला. आधी थोडा, मग दोरीवरचे कपडे दिसेनात इतका. नळीच्या बुडातून तेल ओघळून तापलेल्या पाइपावर पडलं आणि चर्रकन वास सुटला. वहिनी ओरडली, "बाबा, बंद करा!"

बंद केलं. माझी धुतलेली चादर परत धुवायला टाकली.

बुधवार, १५ नोव्हेंबर

मिस्त्री आला. बॉनेट उघडलं, वाकला आणि लगेच सरळ झाला. नुसतं बॉनेट उघडून बंद करायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"काका, नळी बोटभर वर आहे की! कडं टेकलेलंच नाही. म्हणून काठीला तेल कमी लागलं आणि तुम्ही ओतत राहिलात. आणि ही पकड वाकवलीत? ती जुळत नव्हती तेव्हाच कळायला हवं होतं. एवढी फट आहे! दिसली नाही तुम्हाला?"

हे चिंधीने हात पुसत होते. पुसलेलेच हात परत पुसत होते. मान खाली.

मी म्हटलं, "त्यांना कशी दिसेल? दिवा मी धरला होता. माझं लक्ष तुझ्या त्या कड्याच्या नटण्यात. हात हलला, उजेड भलतीकडे."

मिस्त्री हसला. "काकू, उद्यापासून दिव्याचं काम काढून घेतो तुमच्याकडून."

"काढ बाबा. हात दुखायला लागलेत."

तुझी वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दूध उतू जाईल. गॅसवर दूध नव्हतंच.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

आज हे शेडमध्ये कामाला गेले नाहीत. नुसते गाडीत जाऊन बसले, काचा वर करून. मी चहा घेऊन गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. सीटला अजून तोच वास आहे, कातड्याचा आणि पेट्रोलचा.

कप हातात दिला. दोन्ही हातांनी, नीट.

चहा संपवून म्हणाले, "दिवा तू बरोबर धरला होतास."

मी म्हटलं, "माहीत आहे मला."

"लेकीला काही सांगू नकोस. ती गाडीला हात लावू द्यायची नाही. आणि स्टेशनवर मीच जाणार आहे, शब्द दिलाय."

"काय सांगू नको?"

"काही नाही."

"बरं. काही नाही, ते सांगत नाही."

दिलेला शब्द यांनी आजवर मोडला नाही, हे तुलाही ठाऊक आहे. आज पहिल्यांदा मला त्या सवयीची भीती वाटली. मागच्या सीटवर बघितलं मी. तुझी दोन्ही पोरं मावतील, मधे बॅगही राहील.

शनिवार, १८ नोव्हेंबर

नळी परत ठोकायची होती. मिस्त्री म्हणाला, मी येऊन करून देतो. यांनी नको म्हटलं. मीही नको म्हटलं. का म्हटलं ते कळलं नाही, पण दोघांनी एकदम म्हटलं म्हणून तो गेला.

ओतलेलं सगळं तेल काढलं, वाकवलेला पत्रा सरळ केला, गम खरवडला. मग हे म्हणाले, "तू बघ. मी मारतो."

"आणि दिवा?"

"दिवा कशाला? तुला दिसतंय ना?"

बादलीवरून उठले आणि अशी वाकले की नाकाला तेल लागलं. टक. "फट आहे." टक. "आहे अजून." टक. "निम्मी." मला फार मजा आली, खोटं कशाला बोलू. शाळेत गेले नाही, पण फळ्यासमोर उभं राहून उत्तरं द्यायला असंच वाटत असणार.

मग एकदम आवाज बदलला. टक नाही, ठण्. आत कुठेतरी घट्ट. हे लगेच थांबले, "टेकली."

मी वाकून बघितलं. कडं लोखंडाला चिकटलेलं, फट म्हणून नाही. पण माझ्या आधी यांना कळलं होतं, कानाने. म्हणजे मिस्त्री अर्धंच खरं बोलला. दिसतंही, आणि ऐकूही येतं.

पकडीचं भोक आपोआप जुळलं. बोल्ट हाताने फिरला.

सोमवार, २० नोव्हेंबर

नेहमीएवढंच तेल ओतलं. काठी घातली, काढली. यांनी ती माझ्या हातात दिली, बघ म्हणायची गरजच पडली नाही.

"दोन रेघांच्या मधे. वरच्या रेघेच्या जरा खाली."

"नक्की?"

"अहो, मला दोनच रेघा वाचता येतात. त्या तरी चुकीच्या कशाला वाचू?"

धूड सुरू झालं. धूर नाही, थेंब नाही. वहिनीने गाडीखाली पांढरा कागद पसरून ठेवला होता, तो कोराच निघाला. तो मी जपून ठेवलाय. सगळ्यांनी आपली पानं भरली, एक कोरं माझं.

बुधवार, २२ नोव्हेंबर

आज गाडी बाहेर काढायची होती. स्टेशनापर्यंत जाऊन यायचं, म्हणजे रविवारची रंगीत तालीम. दुपारचं स्वच्छ ऊन. हे चाकामागे, मी शेजारी. वहिनी फाटक उघडायला निघाली होती, पण चपला घालायला परत आत गेली. हे मी बघत होते. हेही त्याच दिशेला बघत होते.

चावी फिरवली. गुरगुर. गियर टाकला. गाडी हातभर पुढे सरकली आणि यांनी विचारलं, "फाटक उघडलंय ना?"

समोर आपलं हिरवं लोखंडी फाटक. पुरुषभर उंच. बंद. चार पावलांवर.

मी म्हटलं, "नाही."

ब्रेक लागला. इंजिन चालूच होतं. मी फाटकाकडे बघत राहिले. यांच्याकडे बघितलं असतं तर त्यांना आवडलं नसतं. मग यांनी चावी उलटी फिरवली. इतकी शांतता झाली की वहिनीच्या चपला ऐकू आल्या.

"सूनबाई," हे म्हणाले, "लायसन्स आहे ना तुझं?"

"आहे, बाबा. पण मी लहान गाडी चालवते. हे धूड मला..."

"मोठी गाडी म्हणजे लहान गाडीच, जरा हट्टी. तू बस. मी शेजारी बसतो. मला आज इंजिन ऐकायचंय."

मला मागे पाठवलं. तुझ्या जागी. वहिनीने पहिल्यांदा गाडी बंद पाडली. हे लिही. लिही म्हणते ना. दुसऱ्यांदाही बंद पाडली. हेही लिही. तिसऱ्यांदा निघालो. रस्त्याने हे एक शब्द वायफळ बोलले नाहीत. डोळे मिटून बसले होते आणि मधे मधे म्हणायचे, "आता गियर बदल." "थांब, अजून मागते आहे ती." "आता." दर वेळी बरोबर. चढण आली, धूड गुरगुरलं, आणि हे हसले. मागे मी खिदळले. वय गेलं खड्ड्यात.

स्टेशनसमोर वहिनीने गाडी उभी केली. हे म्हणाले, "रविवारी असंच यायचं. शब्द 'मी घ्यायला येतो' असा दिला होता. चालवतो असं कुठे म्हटलं होतं?"

मी म्हटलं, "कुठेच नाही."

तर आता स्टेशनवर ते येतील, गाडीही तीच असेल. कोण कुठे बसलंय याचं आश्चर्य दाखवू नकोस. ते तोंडाने सांगतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं कर. विसरण्याचा सराव तुला आहेच.

मी शब्द पाळलाय हं. पहिल्या पानापासून शोध, मी कुणाचं काही सांगितलेलं नाही. तेलाचं आणि नळीचं सांगितलं, बस. तुझी वहिनी मधेमधे लिहायचं थांबवून पदराने डोळे पुसतेय. काहीतरी गेलं म्हणते. या घरात सगळ्यांच्याच डोळ्यांना एकदम काहीतरी झालंय.

रोजनिशी उद्या मिस्त्रीच्या पुतण्याबरोबर पाठवतेय, तो तुझ्याच गावाला निघालाय. शुक्रवारी परत यायचाय. तू रविवारी येशीलच, पण तेवढी वाट बघू नकोस. त्याच्याबरोबर गाजरं पाठव. कोवळी, लाल, पिशवीभर. वर माझं नाव घाल. यांनी विचारलंच तर मी सांगेन, लेकीने माझ्यासाठी पाठवलीत, मला दात नाहीत हे विसरली. ते त्यांना लगेच पटेल.